अर्लिंगच्या परसातलं हिरवं ठिगळ

ऑगस्ट संपत आला की आमच्या गावातलं गवत भाजलेल्या पावाच्या कडेसारखं होतं. पाणी जपून वापरायचं, आणि डोंगरावरून येणारा वारा दिवसभर कोरडाच. अशा दिवसांतसुद्धा अर्लिंग त्वेटच्या परसात एक हिरवं ठिगळ दिसायचं. पलंगपोसाएवढं असेल. त्यावर पाय ठेवला तर बूट ओला होईल असं वाटावं इतकं गर्द.

"तिथे माझा बस्टर पुरलाय," अर्लिंग सांगायचा. बस्टर म्हणजे त्याचा शिकारी कुत्रा. गावात नवीन आलेली माणसं हे ऐकून टोपी काढायची.

अर्लिंगची बायको डोरोथिया स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत असायची. "बस्टर उत्तरेच्या कुंपणाशी पुरलाय. तिथे काटे उगवलेत. कुत्राही तसाच होता."

मग ठिगळाखाली काय आहे, हे मात्र ती सांगायची नाही, आणि तोही नाही.

अर्लिंगने चाळीस वर्षं काउंटीचं रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं. उन्हाळ्यात खडी, हिवाळ्यात बर्फ. या चाळीस वर्षांत त्याने बाजूला सारलेल्या बर्फाची रास कुणाच्याही फाटकासमोर सोडली नाही. आमच्या मोंटानात एवढ्या पुण्याईवर माणूस निवडून येतो, पण अर्लिंग कशाला उभाच राहिला नाही. तो आणि माझे वडील एकत्र शिकारीला जायचे, त्यामुळे मी त्याला परकरी वयापासून ओळखते. तो मला अजूनही त्याच वयाची समजतो.

निवृत्त झाल्यावर त्याने सगळा जीव एका जुन्याच छंदात ओतला: आपल्या रायफलची काडतुसं आपण भरायची. आमच्याकडे यात नवल काही नाही. निम्मं गाव हे करतं. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून बारूद घालायचा आणि वरून गोळी दाबायची. सांगायला सोपं. पण बारूद दहा-वीस जातींचा असतो. काही भसकन जळतो, तो पिस्तुलाचा. काही रेंगाळत जळतो, तो रायफलचा. दिसायला सगळेच काळे दाणे. भसकन जळणारा चुकून रायफलमध्ये गेला तर रायफल पुढच्या बाजूने न उडता मागच्या बाजूने उडते, आणि मागच्या बाजूला आपलं तोंड असतं.

म्हणून अर्लिंगचे नियम होते. त्याचं कामाचं बाक होतं कपडे धुवायच्या खोलीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. बाकावर एका वेळी बारुदाचा एकच डबा. दुसरा हवा असेल तर पहिला कपाटात ठेवून कुलूप लावायचं, मगच दुसरा काढायचा. खोलीत रेडिओ नाही, फोन नाही, बिअर नाही, आणि संभाषण नाही. काडतुसं भरायच्या पुस्तकात दिलेल्या सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करायची आणि मुंगीच्या पावलाने वर जायचं. आणि सर्वांत मोठा नियम: आपण भरलेलं काडतूस दुसऱ्याला द्यायचं नाही, दुसऱ्याने भरलेलं आपल्या रायफलमध्ये घालायचं नाही. "टूथब्रश आणि काडतूस," तो म्हणायचा.

"या माणसाने पन्नास वर्षांत मिठाच्या बरणीला एकदा झाकण लावलं नाही," डोरोथिया म्हणायची. "आणि त्या खोलीत गेला की बिशप होतो."

मला त्याचे नियम कळायचे, कारण मी गावच्या औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. बारूद ग्रेनमध्ये मोजतात, ग्रेन म्हणजे धान्याच्या एका दाण्याएवढं वजन. माझ्या आजोबांच्या काळी औषधंही ग्रेनमध्येच मोजायचे. चिमूटभर इकडे की औषध, चिमूटभर तिकडे की विष, हे कॉलेजात आम्हांला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. माझा नवरा लाइल म्हणतो की मी तेवढंच शिकले आणि मग ते घरादारालाच लावलं. असेल. कुणीतरी काळजी करायलाच हवी, आणि तो ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो.

तर गेल्या वर्षीच्या जूनमध्ये माझ्या मुलीला, सिग्नेला, मूसचा परवाना लागला.

मूस म्हणजे घोड्यापेक्षा उंच हरीण. परवाना राज्याच्या सोडतीतून मिळतो, आणि सोडतीत नाव लागणं म्हणजे आयुष्यात एकदाच. सिग्ने एकवीस वर्षांची, तिसऱ्यांदाच अर्ज केलेला. अर्लिंगच्या समोर राहणारा वेंडेल क्रूस एकतीस वर्षं अर्ज करतोय. बातमी कळली त्या दिवशी तो कॅफेत अर्धा तास कॉफीत चमचा फिरवत बसला.

"अभिनंदन, पोरी," तो शेवटी म्हणाला. "देव आहे, पण त्याला अक्षर वाचता येत नाही."

सिग्नेने ठरवलं की मूस मारायचा तो आजोबांच्याच रायफलने. म्हणजे माझ्या वडिलांच्या. ती रायफल माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे. आणि त्या मापाची काडतुसं बनवणं कंपनीने केव्हाच थांबवलेलं. दुकानात एकही मिळत नाही. ती भरायला लागणारी सगळी अवजारं आता गावात एकाच माणसाकडे होती.

"अर्लिंग भरून देईल," सिग्ने म्हणाली.

"मी भरून देणार नाही," अर्लिंग म्हणाला. "टूथब्रश आणि काडतूस. तू भरायची. मी बघणार."

उन्हाळाभर सिग्ने वणवे विझवणाऱ्या तुकडीत असते, म्हणून सप्टेंबर उजाडला. मी म्हटलं, पहिल्या दिवशी मीही येते.

"आई, मी जून ते ऑगस्ट जळत्या झाडांखाली उभी असते."

"माहीत आहे मला. त्याची काळजी मी जून ते ऑगस्ट करते. आता सप्टेंबर आहे."

अर्लिंगने दारातच सांगितलं, "बसायचं तर वॉशिंग मशीनवर. बोलायचं तर बाहेर."

मी मशीनवर बसले. त्याने कपाटातून एक डबा काढला, सिग्नेला दाखवला, परत ठेवला, कुलूप लावलं. मग दुसरा. मग तिसरा. पुस्तकाप्रमाणे तिन्ही आजोबांच्या रायफलला चालणारे होते.

"कुठला घेशील?"

सिग्नेने पुस्तक बघितलं. "पहिला. गोळी सर्वांत वेगाने जाते."

"वेंडेलनेही हाच घेतला असता," अर्लिंग म्हणाला. तिने हात मागे घेतला. "मूसला वेग कळत नाही. हा तिसरा घे. गोळी जरा हळू जाईल, पण याचा दाणा जाडा आहे. एकदा घातला की पुंगळी गळ्यापर्यंत भरते. चुकून दोनदा पडला तर बाहेर सांडेल. तो पहिला बारूद जेमतेम निम्मी पुंगळी भरतो. दोनदा पडला तरी आत मावतो, आणि तुला कळत नाही. कळतं ते थेट रायफल झाडल्यावर." त्याने तिच्या हातावर रिकामी पुंगळी ठेवली. "बारूद असा निवडायचा की चूक आंधळ्यालाही दिसली पाहिजे."

हे वाक्य मला आवडलं. घरी येऊन मी लाइलला फोनवर सांगितलं. त्यातला आंधळा कोण, हे मला तेव्हा सुचलं नाही.

वेंडेलचं मत वेगळं होतं. तो पुस्तकातल्या सर्वांत मोठ्या मात्रेला सुरुवातीची मात्रा समजतो. "ते आकडे वकिलांनी लिहिलेत," तो कॅफेत म्हणायचा. "कंपनी घाबरते. खरी मात्रा त्याच्या वर."

"मृत्यूपत्रंही वकीलच लिहितात," अर्लिंग म्हणायचा. "तुझं झालंय का लिहून?"

वेंडेलच्या गाडीत एक लाकडी हातोडा असतो. दाब जास्त झाला की पितळ फुगून आत घट्ट बसतं आणि रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, हाताने उघडत नाही. मग वेंडेल हातोड्याने ठोकून उघडतो. विचारलं तर म्हणतो, थंडीमुळे. मी त्याला जुलैत ठोकताना पाहिलंय.

सिग्नेचे दोन-तीन धडे झाले. पुंगळ्या साफ करणं, टोप्या बसवणं. मग एका शनिवारी ती घरी आली आणि हात न धुता खुर्चीत बसली.

"काय झालं?"

"काही नाही. अर्लिंगने आज दोन डबे बारूद परसात ओतला."

झालं असं की वेंडेल न सांगता आला. परवाना लागलेल्या पोरीला भेट म्हणून त्याने आपल्या आवडीच्या बारुदाचा नवा डबा आणला, फोडून वास दिला आणि बाकावर ठेवला. बारूद मिळायची मारामार, त्यात ही भेट म्हणजे मोठं मन. अर्लिंग त्याच्यावर ओरडायला वळला, आणि ओरडता ओरडता मापातला उरलेला बारूद त्याने डब्यात परत ओतला.

"कुठल्या डब्यात?" मी विचारलं.

"तेच. तो थांबला. दोन्ही डबे हातात घेतले. मग मागचं दार उघडून दोन्ही घेऊन गेला आणि पेरणी करतात तसा सगळा गवतावर फेकला. वेंडेल मागून धावत होता. 'अरे, माझा तरी ठेव, माझ्यात काही पडलं नाही' म्हणत. अर्लिंग म्हणाला, 'तुला खात्री आहे?' वेंडेल म्हणाला, 'नव्वद टक्के.' तेवढ्यात तोही रिकामा."

मी हसले. सिग्ने हसली नाही.

"आई, ओतला तो बरोबरच डब्यात. मी बघत होते. दोन्ही डबे काळे होते खरे, पण चिठ्ठीवरचे बारुदाच्या जातीचे आकडे माझ्या अंगठ्याएवढे मोठे होते. त्याने ते डोळ्यांजवळ नेले, लांब नेले, आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या कानाकडे."

"तू बोलली का नाहीस?"

"खोलीत बोलायचं नाही, हा नियम आहे." मग हळूच म्हणाली, "आणि वेंडेल होता ना तिथे."

मला एकदम आठवलं. वसंतात अर्लिंग दुकानात आला होता आणि म्हणाला होता, हल्ली तुम्ही छपाई फार बारीक करता. मी त्याच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या लावायला लागले होते, आणि म्हातारपण म्हणून विसरून गेले होते. आता माझी मुलगी त्याच्या डोळ्यांच्या भरवशावर काडतूस भरणार आणि ते गालापासून चार बोटांवर फोडणार होती.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर मी थेट त्याच्या परसात गेले. ठिगळ एक नव्हतं. चार होती. जुनं, आणि त्याच्या भोवती नवी तीन, यंदाची. मी मोजत उभी होते तेव्हा अर्लिंग मागून आला.

"काय हरवलं?"

"बस्टर चार ठिकाणी पुरलाय का?"

"मोठा कुत्रा होता," तो म्हणाला.

"अर्लिंग, हा बारूद आहे. खतासारखा लागलाय. प्रत्येक ठिगळ म्हणजे एक चूक. यंदा तीन, आणि कालची धरून चार. मी सिग्नेला किल्ली कशी देऊ?"

"चूक नाही," तो म्हणाला. आवाज चढला नाही, पण टोपी काढून परत घातली. "चुकीवर गवत उगवत नाही, मॅरिट, थडग्याचा दगड उभा राहतो. ही सगळी शंका आहे. मोजताना दाराची घंटा वाजली, शिंक आली, आकडा निसटला, की मी बाकावरचं सगळं इथे आणून टाकतो. चाळीस वर्षांत तेवढं एक ठिगळ झालं."

"आणि यंदा तीन."

"यंदा शंका जास्त येतात."

"का?"

त्याने माझ्या चेहऱ्यासमोर बोट धरलं. "कारण मधे ढग आहे. तुझं नाक मला दिसत नाही. कान दिसतात. चांगले आहेत."

"डोरोथियाला माहीत आहे?"

"डोरोथियाला मार्चपासून माहीत आहे," खिडकी म्हणाली. "त्याने कॉफीत मीठ घातलं. आणि माझ्यासमोर सगळी प्यायला."

अर्लिंग खिडकीकडे वळला. "तू बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या कष्टाने प्यालास. कशाला बोलू."

मला तिथून निघून यावंसं वाटलं. पण कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि ती मला सारखी आठवत होती. मी म्हटलं, "आमच्या दुकानात एकजण औषध भरतो आणि दुसरा तपासतो. दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बाटली काउंटरवर येत नाही. मी भरलेलीसुद्धा."

"बाकावर एक माणूस भरतो, एक बघतो. बघणारा मी. हा नियम आहे."

"हा नियम दिसणाऱ्या माणसाचा आहे."

बोलून गेले. तो घरात गेला आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. खिडकीही बंद झाली.

घरी सिग्ने माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी त्याच्याशिवाय भरणार नाही. आणि ती रायफल नसेल तर मूस नको. परवाना परत करते." मी म्हटलं, कर. ती म्हणाली, "वेंडेल रडेल." मग दोघींना हसू आलं, पण प्रश्न होता तिथेच होता.

शुक्रवारी दुकानात गर्दी असताना अर्लिंग रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर काउंटरवर झुकून माझ्या कानाकडे बघत म्हणाला, "ती चिठ्ठी. माझ्या बाटल्यांना लावतेस ती मोठी. तिच्यावर बारुदाचे आकडे छापता येतील?"

"येतील."

"वर 'दिवसातून दोनदा' असं छापू नकोस." त्याने डब्यांची यादी ठेवली. डोरोथियाच्या अक्षरातली. "उद्या दहा वाजता या. तू बसायचं वॉशिंग मशीनवर. आकडा सिग्ने मोठ्याने वाचेल, तू बघून 'हो' म्हणायचं. 'हो' सोडून दुसरा शब्द नाही."

शनिवारी आम्ही तिघं त्या खोलीत कोंबल्यासारखे बसलो. सिग्ने मापातून बारूद सोडायची, काट्यावर ठेवायची, आकडा वाचायची. मी वाकून बघायची आणि "हो" म्हणायची. मग ती तो पुंगळीत ओतायची. अर्लिंगने आधी प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून अंगठा फिरवून टोपी नीट बसलीय का ते पाहिलं होतं. दोन पुंगळ्या त्याने बाजूला काढल्या. मी चष्मा लावून बघितल्या, मला काही दिसलं नाही. सिग्नेने नखाने चाचपल्या. टोपी केसभर वर होती, दोन्हींत. मी "हो" म्हटलं.

बारूद घालून झालेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या राहत होत्या. अर्लिंग दिव्याखाली मान वाकडी करून, कोंबडीसारखा डोळ्याच्या कडेने त्यांच्याकडे बघायचा. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. जाडा दाणा त्याने कुणासाठी निवडला होता, ते मला तेव्हा कळलं.

पस्तीस झाल्या. छत्तीस. मला हे काम चक्क आवडायला लागलं होतं. सदतिसाव्याला मी "हो" म्हणाले आणि माझ्याखालचं मशीन गरागरा फिरायला लागलं.

डोरोथियाने सकाळीच चादरी टाकल्या होत्या. तिच्या खोलीतही तिचे नियम होते, आणि शनिवार हा चादरींचा वार होता. मशीन पिळायला लागलं तशी मी त्याच्यावर ट्रॅक्टरवर बसल्यासारखी उडायला लागले. आधार म्हणून वरची फळी धरली. फळीवर कपड्यांच्या साबणाच्या भुकटीचा खोका होता. तो आडवा झाला, मी तो हवेतच पकडला, आणि मशीन थांबेपर्यंत छातीशी धरून बसले.

"काही सांडलं नाही," सिग्ने म्हणाली. "मस्त पकडलास, आई. चला, अडतीस."

अर्लिंगला दिसलंच नसणार. पण मी त्या खोक्याच्या बरोबर खाली होते. दिव्याच्या उजेडात मला पांढरं काहीतरी चमकल्यासारखं वाटलं होतं, दोन-चार कण, ठोकळ्याच्या आणि मापाच्या बाजूला जाताना. किंवा धूळ असेल. मला नेहमीच काहीतरी दिसतं. सिग्ने लहान असताना मला तिच्या घशात दिवसातून तीनदा फोड दिसायचे.

आणि बारूद किती उरला होता, तेही मला माहीत होतं. या जातीचा हा डबा आणि कपाटात एक अर्धा. जवळपासच्या दोन्ही गावांत दुकानं रिकामी. सिग्नेला निघायला तीन आठवडे.

"मला खात्री नाही," मी म्हटलं.

"आई."

"साबण पडला असेल. नसेलही. मला खात्री नाही."

"मग ती एकच बाजूला काढू."

"कुठली?" अर्लिंगने विचारलं.

सिग्नेने ठोकळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, आता हा मला हाकलणार. तो उठला, मागचं दार उघडलं आणि ठोकळा माझ्या हातात दिला. "परसात. माप पण घे, आणि डबा पण. फेकताना मनगट सैल सोड, एका जागी ढीग नको. गवत जळतं."

मी फेकला. सदतीस पुंगळ्यांतला, मापातला आणि डब्यातला. सिग्ने दारात डोक्याला हात लावून उभी होती. खिडकीतून डोरोथियाने विचारलं, "आता काय झालं?"

"तुझ्या चादरी झाल्या," अर्लिंग म्हणाला. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "तुझा बाप कधी 'खात्री नाही' म्हणाला नाही. म्हणून मी त्याला कधी बाकावर बसवलं नाही."

त्या दिवशी दुपारी, मशीनचा प्लग काढून, उरलेल्या अर्ध्या डब्यातून आम्ही वीस काडतुसं भरली, पाच-पाचच्या चार गटांत, तळापासून जरा जरा वाढवत. जेवायला लेफ्सा होत्या. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या डोरोथिया एरवी फक्त नाताळात करते. घरी आल्यावर मी कपाटाची किल्ली सिग्नेच्या हातात दिली. ती घेताना म्हणाली, "खात्री आहे?" मी म्हटलं, "नव्वद टक्के." तिने किल्ली परत माझ्यापुढे धरली. मग मी म्हटलं, "आहे."

दोन दिवसांनी पाऊस झाला. डोरोथियाचा दुकानात फोन आला, लगेच ये म्हणून. मी छत्री घेऊन परसात गेले. मी बारूद फेकलेल्या जागी, गवताच्या मुळाशी, बारीक पांढरा फेस आला होता. करंगळीच्या पेरांएवढे चार-पाच ठिपके. मी सिग्नेला बोलावून दाखवले. लाइलला फोटो पाठवला. माझी काळजी खरी ठरल्याचा आयुष्यातला हा एकच डोळ्यांना दिसणारा पुरावा, आणि तो अर्ध्या तासात विरघळला.

सिग्नेने निशाणाच्या मैदानावर आधी सर्वांत कमी मात्रेची काडतुसं झाडली. मी गाडीमागे उभी होते, प्रत्येक गोळीला कानांवर हात आणि डोळे मिटून, म्हणजे काही कामाची नाही. प्रत्येक आवाजानंतर अर्लिंग बोल्ट उघडताना होणारा खटका ऐकायचा. सिग्ने दोन बोटांनी उघडायची. तो पुंगळी हातात घेऊन बुडावरून अंगठा फिरवायचा, टोपीचे काठ अजून गोल आहेत का, चेपलेत का ते बघायला. तिसऱ्या गटाच्या पाचही गोळ्या एका बशीखाली झाकतील अशा लागल्या. सिग्ने चौथ्या गटाकडे हात नेऊ लागली.

"कशाला?" अर्लिंग म्हणाला. "बशीपेक्षा लहान मूस असतो का?"

वेंडेल शेजारच्या जागेवर होता. तो सिग्नेच्या दोन बोटांकडे बघत होता. त्याचा हातोडा बाकावर होता. त्याने तो उचलून जाकिटाखाली ठेवला.

त्या मात्रेची आणखी पाच तिने दुसऱ्या दिवशी भरली. ऑक्टोबरात तिने मूस मारला, एका काडतुसात. तिच्या तुकडीतल्या चौघांना तो वाहून आणायला दोन दिवस लागले. निम्म्या गावाच्या फ्रीजरमध्ये अजून तो आहे. अर्लिंगने मांस घेतलं, पण आधी झाडलेली पुंगळी मागून घेतली. ती त्याच्या बाकावरच्या खिडकीत ठेवलीय. बाकावर आता तो, सिग्ने आणि कधी मी असे बसतो. चिठ्ठ्या माझ्या दुकानातल्या. एका डब्यावर चुकून 'जेवणानंतर' असं छापलं गेलंय, ते त्याला कुणी वाचून दाखवलेलं नाही.

या मे महिन्यात सगळं गवत वर आलं. वेंडेलचं घर अर्लिंगच्या समोर, रस्त्यापलीकडे. त्याच्या अंगणात माझ्या आठवणीत गवत कधी धड उगवलं नाही. यंदा तिथे पायऱ्यांच्या बाजूला, झुडपाआड, एक गर्द हिरवा गोल उठलाय. मी वेंडेलला विचारलं. तो म्हणाला, शेजाऱ्यांचा कुत्रा तिथे रोज येतो. शेजाऱ्यांकडे मांजर आहे.

मी अर्लिंगला सांगायला गेले. तो ओट्यावर बसला होता. त्याने मान वाकडी केली आणि रस्त्यापलीकडे डोळ्याच्या कडेने बराच वेळ बघितलं. मग राहवेना म्हणून विचारलंच.

"किती हिरवं आहे?"

"बऱ्यापैकी."

"माझ्यापेक्षा?"

मी दोन्हीकडे नीट बघितलं. त्याच्या परसात आता सहा ठिगळं होती. माझं त्यातलं सर्वांत रुंद.

"नाही," मी म्हटलं. "खात्रीने नाही."

तो खुर्चीत मागे टेकला. "एकाच डब्याचं असणार," तो म्हणाला. "सुरुवात सर्वांत कमी मात्रेपासूनच करायची असते."